एका सेकंदात वाचता येईल अशी पाटी

भर रस्त्यात गाडीनं माणसाला उडवलं, दहाजणांनी ते डोळ्यांनी पाहिलं, गाडी पळून गेली आणि पोलिसांनी नंबर विचारला तर एकालाही सांगता आला नाही. अशी बातमी वाचली की मनात हमखास प्रश्न येतो: एवढी माणसं उभी होती, मग एकालाही नंबर कसा टिपता आला नाही? चर्चा मग लोकांच्या बेफिकिरीकडे वळते. मला ते अन्यायाचं वाटतं. त्या दहाजणांचे डोळे आणि मेंदू त्या क्षणी जेवढं करू शकतात, त्यापेक्षा आपली नंबरप्लेट जास्त मागते. किती जास्त, याचा हिशेब मांडता येतो. तो मांडला की सहज ओळखता येईल अशी पाटी करता येईल का, याचंही उत्तर बरंचसं मिळतं.

१. नंबर मिळाल्यानं काय फरक पडतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांपैकी ३० हजारांहून अधिक मृत्यू ‘हिट अँड रन’ या सदरात, म्हणजे धडक देऊन वाहन पळून गेल्याच्या प्रकरणांत नोंदले गेले.

गाडीचा शोध लागला तर मृताच्या कुटुंबाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. तिथे मृताचं वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं हे सगळं बघून भरपाई ठरते आणि गाडीचा विमा असेल तर ती विमा कंपनी देते. गाडी सापडलीच नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालची ठरावीक रक्कम मिळते: १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. कमावता तरुण गेलेल्या घराच्या दृष्टीनं या दोन वाटांमध्ये फार मोठं अंतर आहे. घर कोणत्या वाटेला लागणार, हे पुष्कळदा कुणीतरी ओझरत्या पाहिलेल्या चार आकड्यांवर ठरतं.

२. डोळ्याला किती लांबून दिसतं?

डोळ्यांच्या दवाखान्यात ज्याला ‘सहा बाय सहा’ म्हणतात, ती चांगली नजर. अशा नजरेच्या माणसाला ६ मीटरवरून साधारण ९ मिलिमीटर उंचीचं अक्षर जेमतेम ओळखता येतं. अंतर दुप्पट झालं तर अक्षरही दुप्पट उंच लागतं. एवढा एकच नियम आपल्याला पुरेसा आहे.

आता पाटीकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत अक्षरांची मापं दिलेली आहेत. मोटारगाडी, ट्रक, बस यांच्या पाटीवर अक्षरं आणि आकडे ६५ मिलिमीटर उंच हवेत. मोटरसायकलच्या मागच्या पाटीवर आकडे ४० आणि अक्षरं ३५ मिलिमीटर, तर पुढच्या पाटीवर सगळंच ३० मिलिमीटर.

नियम लावून पाहा. ६५ मिलिमीटरचं अक्षर चांगल्या नजरेला जास्तीत जास्त ४५ मीटरवरून ओळखता येईल. मोटरसायकलच्या मागचे आकडे २७ मीटरवरून आणि अक्षरं २४ मीटरवरून. पण ही मर्यादा भरदिवसा, स्थिर उभ्या असलेल्या, निवांत बघणाऱ्या माणसाची झाली. एका नजरेत, चुकण्याची धास्ती न बाळगता वाचायचं तर अंतर निम्मं धरलेलं बरं. म्हणजे मोटारीसाठी २२ मीटर, मोटरसायकलच्या आकड्यांसाठी १४ आणि अक्षरांसाठी १२. चष्म्याचा नंबर वाढलाय पण चष्मा बदललेला नाही, अशा माणसासाठी हेही निम्म्यावर येतं, आणि रस्त्यावर अशी माणसं पुष्कळ असतात.

ब्रिटनमध्ये अक्षरांची उंची ७९ मिलिमीटर आहे. तिथे वाहन चालवण्याच्या परीक्षेत उमेदवाराला २० मीटरवरून उभ्या गाडीची पाटी वाचून दाखवावी लागते, आणि ती वाचता आली नाही तर परीक्षा तिथेच संपते.

३. सेकंदाचा हिशेब

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला गाडीची मागची पाटी ती पुढे निघून गेल्यावरच दिसते. गाडी ५ मीटर पुढे गेल्यावर पाटी नीट समोर आली असं धरू. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर.

मोटार असेल तर पाटी ५ मीटरपासून २२ मीटरपर्यंत वाचनीय. अंतर १७ मीटर, म्हणजे हातात वेळ एक सेकंद. मोटरसायकल असेल तर आकड्यांसाठी ९ मीटर, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद, आणि अक्षरांसाठी त्याहूनही कमी.

त्यातही त्या सेकंदात बघणारा पाटीकडे बघत नसतो. त्याची नजर खाली पडलेल्या माणसाकडे असते, आणि तशीच असायला हवी. पाटी बघायची हे लक्षात येईपर्यंत सेकंद निघून गेलेला असतो. मोबाइल खिशातून काढून कॅमेरा उघडायला तर याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

४. डोक्यात किती राहतं?

समजा एवढ्यातूनही कुणी वाचलं: एमएच १२ केआर ४७१९. मोजली तर ही दहा चिन्हं झाली. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये एक लेख लिहिला, तो आजही चर्चेत असतो. ऐकलेल्या किंवा पाहिलेल्या गोष्टी लगेच परत सांगायच्या तर माणूस साधारण सातपर्यंत मजल मारतो, असं त्यानं दाखवलं. नंतरच्या संशोधकांनी ही मर्यादा चारच्या आसपास आणली. दहा चिन्हं या मर्यादेत बसत नाहीत.

पण मिलरनंच पुढची महत्त्वाची गोष्ट सांगितली. मेंदू सुटी चिन्हं मोजत नाही, तो गठ्ठे मोजतो. दहा सुट्या वस्तू दोन हातांत मावत नाहीत, तीन पिशव्यांत भरल्या तर सहज उचलता येतात, तसं. महाराष्ट्रातल्या माणसाला ‘एमएच’ लक्षात ठेवावंच लागत नाही. आजूबाजूच्या बहुतेक गाड्यांवर तेच असतं, वेगळं असेल तेव्हाच ते डोळ्यांत भरतं. पुढचा ‘बारा’ हा आकडाही आपण गावाच्या नावासारखा वापरतो. ‘बारा पासिंगची गाडी’ म्हटलं की पुणे, ‘चौदा पासिंग’ म्हणजे पिंपरी-चिंचवड, ‘नऊ पासिंग’ म्हणजे कोल्हापूर. चार चिन्हांचा असा एक गठ्ठा झाला. शेवटचे चार आकडे दोन-दोन करून आपण ‘सत्तेचाळीस एकोणीस’ म्हणतो. तोही दोन गठ्ठ्यांचा मामला.

अडचण मधल्या दोन अक्षरांची आहे. त्यांना ना गाव, ना अर्थ. शिवाय ती रोमन लिपीतली आहेत, आणि रस्त्यावर उभ्या असलेल्यांपैकी अनेकांना इंग्रजी आकडे पक्के येतात पण अक्षरं तेवढी सवयीची नसतात. भाजीची गाडी लावणारी बाई आणि सिग्नलवर फुलं विकणारा मुलगा हे रस्त्यावरचे सर्वांत मोक्याचे साक्षीदार. पाटीची परीक्षा त्यांच्या डोळ्यांनी व्हायला हवी.

अक्षरांची आणखी एक खोड आहे. केंब्रिजच्या आर. कॉनराड यांनी १९६४ मध्ये प्रयोगातून दाखवलं की माणसं अक्षरं डोळ्यांनी पाहतात, पण लक्षात ठेवताना आवाजानं ठेवतात. त्यामुळे चुका होतात त्या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्याच असं नाही, सारख्या ऐकू येणाऱ्यांच्याही होतात. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही यांचा शेवट एकाच स्वरानं होतो. पाटीवर ‘बीटी’ असेल तर दहा मिनिटांनी ते ‘पीडी’ किंवा ‘डीव्ही’ झालेलं असू शकतं, आणि सांगणारा अगदी खात्रीनं सांगत असतो. एम आणि एन, एस आणि एफ यांचंही तेच.

मराठी आकड्यांतही एक खाच आहे, ती साक्ष देणाऱ्यानं आणि लिहून घेणाऱ्यानं दोघांनी ध्यानात ठेवावी. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत नव्या पिढीची नेहमी गफलत होते. तेवीस म्हणताना आधी तीन येतो, लिहिताना आधी दोन. ११२ वर फोन करून नंबर सांगायचा असेल तर ‘चार, सात, एक, नऊ’ असा सुटा सांगावा.

५. अर्धवट नंबरचं मोल

पूर्ण नंबर मिळाला नाही म्हणजे काहीच मिळालं नाही, असा समज आहे. तो खोडून काढायलाच हवा, कारण त्यापायी माणसं पोलिसांकडे जातच नाहीत.

आपल्याकडे मधल्या जागी आय आणि ओ ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. उरली २४. दोन अक्षरांच्या जोड्या २४ गुणिले २४, म्हणजे ५७६. प्रत्येक जोडीत ९,९९९ गाड्या. एका पासिंगमध्ये ५७ लाखांहून जास्त नंबर बसतात.

साक्षीदाराला ‘बारा पासिंग’ आणि शेवटचे चार आकडे आठवले, अक्षरं अजिबात नाहीत. मग संशयित गाड्या फार तर ५७६. त्यांत तो म्हणाला की गाडी पांढरी होती, छोटी होती, पाटीही पांढरी होती, की यादी झपाट्यानं आक्रसते. नोंदणीच्या माहितीत गाडीचा प्रकार, बनावट, रंग सगळं असतं. दुसरं उदाहरण: अक्षरं आणि पहिले दोन आकडे आठवले, शेवटचे दोन नाहीत. मग गाड्या शंभर. एकच आकडा सुटला असेल तर दहा.

यातून एक गोष्ट निघते. एक आकडा विसरला तर शोध दहापट वाढतो, पण एक अक्षर विसरलं तर चोवीसपट. म्हणजे ज्या चिन्हांची किंमत सर्वांत जास्त, तीच आपल्या पाटीवर लक्षात राहायला सर्वांत अवघड आहेत. सोपी पाटी शोधायची तर इथूनच सुरुवात करावी लागेल.

पाटीच्या पार्श्वभूमीचा रंगही यातच धरायचा. खासगी गाडी पांढरी पाटी, भाड्याची पिवळी, विजेवरची हिरवी. अक्षरं दिसण्याआधी रंग दिसतो आणि तो विसरत नाही. आपल्या व्यवस्थेतला हा खरोखर चांगला भाग आहे.

६. जर्मनांनी अक्षरं बदलली

सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीत रेड आर्मी फॅक्शन या गटाच्या दहशतवादी कारवाया चालू होत्या. तिथल्या पाट्यांवरची अक्षरं सरळ, सुबक, एकमेकांशी जुळणारी होती, आणि तोच त्यांचा दोष ठरला. काळ्या पट्टीचा एक तुकडा चिकटवला की पी चा आर होई, एफ चा ई, आणि तीनाचा आठ. म्हणून कार्लगेऑर्ग होएफर या अक्षररचनाकारानं १९७८ ते १९८० या काळात नवी अक्षरं तयार केली. त्यांत प्रत्येक अक्षर मुद्दाम थोडं विसंगत आहे. पी चा वरचा फुगा आर च्या फुग्याशी जुळत नाही, त्यामुळे पट्टी चिकटवली की लबाडी उघडी पडते. गिसेन विद्यापीठात ही अक्षरं वाचनीयतेसाठी तपासली गेली. नव्वदच्या दशकात ती पाट्यांवर आली आणि २००० पासून नव्या पाट्यांना सक्तीची झाली.

ही अक्षरं देखणी नाहीत. पण पाटीवर प्रत्येक अक्षर बाकीच्यांहून वेगळं दिसणं हे देखणेपणापेक्षा महत्त्वाचं. हे आपल्याकडे रेडियमच्या दुकानांत नेमकं उलटं झालं. ४१४१ ची वळणं अशी काढायची की ‘दादा’ वाचलं जावं, ८०५५ चं ‘बॉस’ करायचं. दंड होता, तरी वर्षानुवर्षं हे चाललं. पाटी ज्या अनोळखी माणसानं वाचायची, त्याच्यासाठी ती निरुपयोगी झाली.

इतर देशांनी दुसरी युक्ती केली: गोंधळ घालणारी अक्षरंच काढून टाकली. फ्रान्सच्या २००९ पासूनच्या पद्धतीत आय, ओ आणि यू नाहीत. इटलीत क्यू सुद्धा नाही. स्पेननं २००० मध्ये सगळे स्वरच वगळले, त्यामुळे पाटीवर आक्षेपार्ह शब्दही तयार होत नाहीत.

७. उच्च सुरक्षा पाटीनं काय साधलं?

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी लागते, आणि जुन्या गाड्यांनाही ती लावण्याची मोहीम महाराष्ट्रात झाली. अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरनं कोरलेला क्रमांक, एकदा बसवल्यावर मोडल्याशिवाय न निघणारं कुलूप. खोटी पाटी लावणं यामुळे अवघड झालं. अक्षरांचा साचा एक झाला, ‘दादा’ गेले. पाटीवरचा पत्रा प्रकाश परतवणारा आहे: त्यावर पडलेला उजेड इकडेतिकडे न पसरता जिथून आला तिकडेच परत जातो.

इथे एक बारकावा आहे. उजेड जिथून आला तिकडे परततो, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीच्या चालकाला त्याच्याच दिव्यांत पाटी झळाळून दिसते. कॅमेऱ्यालाही दिसते, कारण त्याचा अवरक्त दिवा त्याच्याशेजारीच असतो. पाटी आपोआप वाचणारे कॅमेरे १९७६ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांच्या वैज्ञानिक विभागात जन्मले आणि आज ते द्रुतगती मार्गांवर सर्वत्र आहेत. पण कडेला अंधारात उभ्या असलेल्या पादचाऱ्याकडे दिवा नसतो. त्याला या झळाळीचा उपयोग जवळजवळ नाही. आणि अक्षरांची उंची तर जुनीच राहिली. उच्च सुरक्षा पाटी मला आवश्यक वाटते, पण ती चोराला आणि कॅमेऱ्याला समोर ठेवून केलेली आहे. साक्षीदाराचा विचार अजून व्हायचा आहे. गावाकडच्या रस्त्यावर, जिथे कॅमेरा नाही, तिथे साक्षीदाराशिवाय कुणीच नसतं.

८. मग सोपी पाटी कशी असेल?

तीन वाटा दिसतात.

पहिली जपानची. तिथे पाटीच्या वरच्या ओळीत गावाचं नाव आणि वर्गाचा आकडा लहान असतो, आणि खाली चार आकडे भलेमोठे, मध्ये छोटी आडवी रेघ देऊन दोन-दोनांत तोडलेले. जे लक्षात ठेवायचं तेच मोठं. आपल्या मोटरसायकलच्या नियमात अक्षरं ३५ आणि आकडे ४० मिलिमीटर आहेत, म्हणजे हा विचार आपल्याकडेही बीजरूपानं आहे. तो पुढे नेऊ. मोटारीची दोन ओळींची पाटी ३४० गुणिले २०० मिलिमीटर असते. वरची ओळ ५० मिलिमीटरची केली तर खाली चार आकडे १०० मिलिमीटर उंच बसवता येतात, आणि तरी कडांना जागा उरते. हे आकडे निवांत ३४ मीटरवरून वाचता येतील. मघाचाच हिशेब लावला तर हातात एक सेकंदाऐवजी जवळपास पावणेदोन सेकंद येतात. मोटरसायकलच्या २०० गुणिले १०० च्या पाटीवर आकडे ५० मिलिमीटर केले तर अर्ध्या सेकंदाचा पाऊण होतो. पाटीचा आकार मुळीच न वाढवता एवढं मिळतं.

अडचण लांबट पाटीची. ५०० गुणिले १२० मिलिमीटरच्या एका ओळीच्या पाटीवर हे जमत नाही, आणि पुष्कळ मोटारींच्या मागच्या बाजूला जागा तेवढीच असते. म्हणजे गाडीच्या रचनेतच मागे दोन ओळींच्या पाटीची जागा मागावी लागेल.

दुसरी वाट अक्षरं निवडण्याची. कानाला आणि डोळ्याला वेगळी वाटतील अशी बाराच अक्षरं ठेवली तर जोड्या १४४ आणि नंबर १४ लाखांच्या वर. लहान जिल्ह्याला ते वर्षानुवर्षं पुरतील, पुण्यासारख्या कार्यालयाला मात्र अपुरे पडतील. तिथे नवा पासिंग आकडा द्यावा लागेल.

तिसरी वाट मला सर्वांत आवडते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अशी कल्पना पुढे आली की पाटीवरची चिन्हं कमी करून एक ठळक आकृती घालावी. भारताला ही कल्पना परकी नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आपण उमेदवारांना ओळखीसाठी चित्रं देतो, कारण अक्षर न येणाऱ्यालाही आपलं मत बिनचूक देता यावं. दोन अक्षरांपैकी एकाच्या जागी त्रिकोण, चांदणी, पान, मासा अशा दहा आकृत्यांपैकी एक ठेवली तर १० गुणिले २४, म्हणजे २४० मालिका आणि जवळपास २४ लाख नंबर. आकृती विसरली तरी शोध दहापटच वाढतो, चोवीसपट नाही, आणि मुळात ती विसरणं अवघड. संगणकात ती एखाद्या अक्षराच्या खुणेनं साठवता येईल. प्रश्न आहे तो सगळ्यांनी तिला एकच नाव देण्याचा. एकाला जे पान वाटतं ते दुसऱ्याला बदाम वाटलं तर फोनवर घोटाळा होईल. म्हणून आकृत्या निवडताना आधी लोकांना दाखवून त्यांची नावं विचारावी लागतील.

९. तपासायचं कसं?

हे सगळं कागदावरचं आहे. खरं काय ते प्रयोगानंच ठरेल, आणि प्रयोग महागडा नाही. आजची पाटी, मोठ्या आकड्यांची पाटी, निवडक अक्षरांची आणि आकृतीची, असे चार नमुने घ्यायचे. गाडी ठरावीक वेगानं समोरून न्यायची. बघणाऱ्यांना पाटी वाचायची आहे हे आधी सांगायचं नाही. दहा मिनिटं दुसऱ्या कामात गुंतवून मग काय आठवतं ते विचारायचं. दिवसा, संध्याकाळी, पावसात. साठीच्या माणसांवर, केवळ देवनागरी वाचणाऱ्यांवर, मुळीच न वाचणाऱ्यांवर. गुण देताना पूर्ण नंबर आला की नाही एवढंच मोजायचं नाही. सांगितलेल्या तुकड्यांवरून किती गाड्या संशयित उरतात, हा आकडा काढायचा. पोलिसांना उपयोग त्याचाच असतो. मग त्याच पाट्या कॅमेऱ्यांपुढून न्यायच्या, कारण माणसासाठी सोपी केलेली पाटी यंत्राला अवघड जाता कामा नये.

वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआय आणि सीआयआरटी या दोन्ही संस्था पुण्यातच आहेत. चाचणीचं मैदान, मोजमापाची साधनं, नियम लिहिणाऱ्यांपर्यंतचा रस्ता त्यांच्याकडे आहे. मानसशास्त्राचा एक विद्यापीठ विभाग जोडीला घेतला की गट पूर्ण होतो. निकाल अनुकूल आला तर रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या एकदम बदलण्याचं कारण नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. अमुक तारखेनंतर नोंद होणाऱ्या गाड्यांना नवी पाटी, आणि जुन्या गाड्यांना नोंदणीचं नूतनीकरण होईल तेव्हा. सुरुवात दुचाक्यांपासून करावी. त्यांच्या पाट्या सर्वांत लहान आहेत, आणि आपल्या रस्त्यांवर सर्वांत जास्त गाड्या त्याच आहेत.